जाळी बसेपर्यंत

मला बसता येत नाही. वर्गात शिकवताना मी खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवतो, घरी जेवताना मीठ आणायच्या निमित्तानं उठतो, आणि बसस्टँडवर गाडीला उशीर झाला तर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतो. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेत, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं की आता काही आठवडे जपून राहायचं. चालायचं, पण बेतानं. ओझं उचलायचं नाही, भरलेली बादली उचलायची नाही, संडासात जोर करायचा नाही, शिंक आली तर पोटाशी उशी धरून शिंकायचं. ऐकता ऐकताच माझ्या पायांना मुंग्या आल्या.

दुखणं तसं लाजिरवाणं होतं. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगा यायचा. सकाळी नसायचा, शाळा सुटेपर्यंत यायचा, आडवं पडलं की आत जायचा. हर्निया हा शब्द मला माहीत होता, पण माहीत नसल्यासारखं मी बरेच महिने काढले. फळ्यावर वरच्या अंगाला लिहायला हात उंच केला की फुगा उतरायचा, म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायला लागलो आणि मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून उतरवून घ्यायला लागली. शेवटी बायकोनं मला सर्जनपुढं नेऊन उभं केलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाची भिंत तिथं विरली आहे, त्यातून आतडं डोकावतं. ते आत ढकलून त्या जागी जाळी लावायची. जाळीच्या भोकांतून अंगाचंच मांस वाढतं, जाळीला धरून बसतं आणि भिंत पक्की होते. पूर्वी नुसतेच टाके घालायचे, तेव्हा पुन्हा उतरण्याची भीती जास्त असायची. मी शास्त्राचा मास्तर, मला ते लगेच पटलं. पटणं आणि टेबलावर आडवं होणं यांत मात्र बरंच अंतर असतं, ते दसऱ्याच्या सुट्टीनं तोडलं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कमरेतून इंजेक्शन दिलं, पाय माझे राहिले नाहीत, डोक्याशी कुणीतरी कन्नडमध्ये क्रिकेटबद्दल बोलत होतं. नंतर लघवी होईना म्हणून जीव घाबरा झाला, मग तीही झाली. टाक्याखालचा सगळा भाग निळाजांभळा पडला आणि त्याच्याखालचं जे होतं तेही सुजलं. असं होतंच, काही दिवसांत उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. मला घरी सोडलं.

आमचं घर शहापुरात, मागांच्या गल्लीत. शेजारच्या दोन्ही भिंतींपलीकडं यंत्रमाग. एरवी ती खटखट मला ऐकूसुद्धा येत नाही. पण दिवसभर पलंगावर पडून राहिल्यावर ती कानात शिरली आणि बाहेर पडेना. सगळी गल्ली काम करतेय आणि मीच तेवढा आडवा, असं वाटायचं. करंट गेला की माग थांबायचे आणि मग मला त्या शांततेनं झोप येईना. बायकोनं एकदा वैतागून विचारलं की तुम्हाला नक्की काय पाहिजे. 

अण्णा रोज यायला लागला तो याच दिवसांत. अण्णा माझा थोरला भाऊ. उचगावची आमची शेती तोच बघतो. मी शिकलो, शहरात नोकरीला लागलो, तो मातीत राहिला. तरुणपणी गावच्या तालमीत कुस्त्या करायचा. आता साठीच्या पुढं गेलाय, पण अजून रताळ्याचं भरलेलं पोतं एकटा पाठीवर घेऊन टेम्पोत टाकतो, आणि शेजारी गडी उभा असला तर त्याला मुद्दाम बाजूला हो म्हणतो. ते रताळी काढायचे दिवस होते. सकाळी माल बाजारात उतरवला की टेम्पो तिथंच सोडून तो चालत शहापूरला यायचा.

मला त्याचं येणं आवडलं आणि नवलही वाटलं. हंगामाच्या दिवसात अण्णा कुणाच्या लग्नाला जात नाही. आणि आल्यावर तो आजाऱ्याला विचारतात तसं काहीच विचारायचा नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, चहा बशीत ओतून प्यायचा आणि माझ्याकडं बघत राहायचा. जरा चालून दाखव, म्हणायचा. मी खोलीभर चालायचो. खाली चटईवर बस आणि ऊठ, म्हणायचा. मी बायकोकडं बघायचो, ती डोळे मोठे करायची, पण थोरल्या दिरापुढं बोलायची नाही. मी बसायचो आणि उठायचो.

हे बघणं माझ्या ओळखीचं होतं. वडील गेल्यापासून आमच्या घरातले बैल अण्णानंच घेतले. निपाणीकडच्या जनावरांच्या बाजारात लहानपणी मी त्याच्याबरोबर हिंडलोय. बाकीचे लोक आधी बैलाचे दात बघतात. अण्णा बसलेला बैल शोधतो आणि त्याला उठवायला लावतो. मागचे पाय कसे टाकतो, पाठ कुठं आखडतो, कुठल्या बाजूला अंग चोरतो, हे तो एका उठण्यात बघून घेतो. व्यापाऱ्याचं बोलणं तो ऐकतच नाही. आता तो माझ्याकडं तसा बघत होता. मला हसू यायचं, पण हसलं की टाके ओढायचे.

एक दिवस त्याच्याबरोबर वहिनी आली. अण्णा शेतीच्या औषधांच्या दुकानात फवारणीचं औषध आणायला गेला, आणि बायको आत चहाला गेली तशी वहिनी पलंगाजवळ आली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय बोललेली नाही. त्या दिवशी पदर विसरली.

"भावजी, त्यास्नीबी हाय," ती म्हणाली. "तुमच्यापरास मोठं. लई वर्सं झाली."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं भराभर सांगितलं. अण्णा तालीम सुटली तरी लंगोट बांधतो, हे मला ठाऊक होतं. कंबर बांधलेली बरी, असं तो म्हणायचा आणि आम्ही त्याची थट्टा करायचो. खरं असं होतं की फुगा उतरला की तो गोठ्यात जाऊन उताणा पडायचा, पाय गव्हाणीवर टाकायचा, हातानं फुगा आत सारायचा, वर लंगोट करकचून आवळायचा आणि पुन्हा पोतं उचलायला जायचा. पैलवानाचं अंग, लंगोटानं धरून ठेवलंय तोवर काय होतंय, हे त्याचं शास्त्र. आमच्या भागातल्या तालमीत वाढलेल्या माणसालाच सुचावं असं. वहिनी दवाखान्याचं नाव काढायची तर तो दोन दोन दिवस जेवताना बोलायचा नाही. आणि आता धाकट्याचं ऑपरेशन झाल्यावर एकदा, भाकरी मोडता मोडता, आपणहून म्हणाला होता की त्याचं कसं होतंय ते बघू.

"तुमचं बघून ते हूं म्हणतील," वहिनी म्हणाली. "त्यांच्याम्होरं दुखतंय म्हणू नकासा. तेवढं करा."

मी हो म्हणालो. मग त्याच दुपारी सर्जनना फोन केला आणि कुणाचं नाव न घेता विचारलं की फुगा आवळून बांधून एखादा काम करत राहिला तर काय होतं. ते म्हणाले की रोज काही होणार नाही आणि एखाद्या दिवशी आतडं तिथंच अडकून बसेल, गाठ दगडासारखी होईल, उलट्या लागतील, आणि मग आतड्याचा रक्तपुरवठा थांबला तर माणूस हाती लागेल याची खात्री नाही. त्या दिवसापासून माझं स्वस्थ पडणं संपलं. माझी जखम माझी राहिली नाही. अण्णा वाचायचा असेल तर मी बरा दिसायला पाहिजे होतो.

आणि मी बरा नव्हतो. सूज उतरली, टाके सुकले, पण टाक्याखाली दोरखंडासारखी एक कडक वळी हाताला लागत होती. तिच्या खालचं कातडं बधिर होतं. हात लावला तर दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावल्यासारखं वाटायचं. बधिर भागाच्या पलीकडं मांडीत आतल्या अंगानं मात्र चटका बसल्यासारखी आग व्हायची, बसलेला उठलो की जास्त. माझ्या डोक्यानं लगेच गणित मांडलं. जाळी गुंडाळली गेली असणार. किंवा सरकली. किंवा कुठल्या तरी शिरेत अडकली. मास्तर माणूस आजारी पडला की असाच छळतो स्वतःला, अर्धवट माहिती त्याला गप्प बसू देत नाही.

हे मी कुणाला सांगणार? बायकोला सांगितलं तर ती वहिनीला सांगणार. मी एक युक्ती काढली. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दुखलं तरच घ्या म्हणून दिली होती, तिची पट्टी खिडकीत असायची. मी ती अण्णा यायच्या बेताला, तासभर आधी घ्यायला लागलो. बाजारातला माल उतरून तो गल्लीत शिरेपर्यंत आग निवलेली असायची. मग मी ताठ चालायचो. चटईवरून उठताना हात टेकत नव्हतो. एकदा तर खिडकीवरची रद्दी मी मुद्दाम त्याच्यासमोर उचलली आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडली. अण्णा चहा पीत बघत होता. तो गेल्यावर गोळीचा असर उतरायचा आणि मी भिंतीला धरून पलंगाकडं जायचो. गल्लीतले माग चालूच असायचे.

असं बरेच दिवस चाललं. अण्णा हूंही म्हणेना आणि नाहीही म्हणेना. उलट त्याचं बघणं वाढलं. एकदा खोकून दाखव म्हणाला, मी खोकलो. मग त्यानं विचारलं की जाळी असते तरी कशी, कोबीच्या पोत्यासारखी का मच्छरदाणीसारखी. मी उत्साहानं सांगायला लागलो, चित्रही काढलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मला वाटलं, आता आलाच जवळ.

मग एका सकाळी आग इतकी झाली की गोळीनंही दबेना. अण्णा त्या दिवशी येणार नव्हता, रताळ्याला खाडा होता. मी बायकोला सांगून रिक्षानं सर्जनकडं गेलो. त्यांनी वळी दाबून बघितली, उभं करून खोकायला लावलं, मांडीवर टाचणीनं टोचून कुठं कळतंय आणि कुठं नाही ते विचारलं. मग माझी चालण्याची तऱ्हा बघून म्हणाले की तुम्ही एवढे ताठ का चालताय, संचलनात आहात का? त्यांनी समजावलं. वळी म्हणजे अंग जाळीला धरतंय, ती हळूहळू मऊ होते. बधिरपणा आणि आग बारीक नसेमुळं. बहुतेकांचं काही महिन्यांत निवतं, कुणाकुणाला एखादा बधिर ठिपका कायमचा राहतो, आणि थोड्या लोकांचं दुखणं लांबतं, त्यालाही उपाय असतात. जाळी जागेवर आहे. फुगा नाही. सहज चाला, वाकून चालायचं असेल तर वाकून चाला.

मी हलका होऊन बाहेर आलो तर समोरच्या बाकावर अण्णा बसलेला. अंगात धुतलेला सदरा होता. खाडा असूनही तो गावाहून आला होता, माझ्या घरी गेला होता, आणि बायकोनं साधेपणानं सांगितलं होतं की ते दवाखान्यात गेलेत, दुखत होतं. त्याच्या हातात गोळ्यांची रिकामी पट्टी होती. खिडकीतली. ती कशी रिकामी होत चाललीय, हे तो रोज चहा पिताना बघत होता.

"गोळी खाऊन उभा ऱ्हायचास माझ्याम्होरं," तो म्हणाला. "बाजारच्या दिवशी बैल उभा करत्यात तसं."

मी बोलायला गेलो. आवाज न चढवता त्यानं मला थांबवलं.

"चांगलं झालं असतं तर चोरलं कशाला असतंस?"

तेवढं बोलून तो उठला. उठताना त्यानं बाकाचा हात धरला, मांडी जरा बाहेर टाकली आणि मगच पाय पुढं घेतला. वहिनीनं सांगितलं नसतं तर ते मला दिसलं नसतं. दारातून बाहेर पडून तो बसस्टँडच्या रस्त्याला लागला आणि मी त्याच्यामागं धावू शकलो नाही.

नंतर तो यायचा बंद झाला. माल बाजारात यायचा, टेम्पो यायचा, अण्णा परस्पर गावी जायचा. मी फोन केला तर वहिनी उचलायची आणि ते शेतात गेलेत म्हणायची. एकदा तिनं हळूच सांगितलं की आता ते म्हणतात, शिकलेल्या माणसाचं हे झालं तर माझं काय होईल. तिनं मला दोष दिला नाही, म्हणून मला जास्त लागलं. माझी आग कमी होत होती, वळी खरंच मऊ होत होती, आणि मला त्याचा काडीचा आनंद नव्हता. फोन वाजला की मला उलट्या, दगडासारखी गाठ, टेम्पोतून नेताना वाटेत गेलेला अण्णा, एवढंच दिसायचं. मी खोलीत येरझाऱ्या घालायचो. चालणं चांगलंच, असं डॉक्टर म्हणाले होते, पण हे चालणं वेगळं होतं.

शेवटी मी उठलो आणि उचगावच्या बसमध्ये बसलो. बायको नको नको म्हणत होती, मग तिनंच माझ्या हातात एक उशी दिली. गतिरोधक आला की मी उशी पोटाशी आवळायचो. शेजारच्या बाईनं मला जागा मोठी करून दिली, माझी काळजी वाटून की माझी भीती वाटून, कोण जाणे. गाव आलं तेव्हा मला घाम फुटला होता.

वहिनी अंगणात होती. तिनं नुसती मान गोठ्याकडं वळवली. आत अण्णा रिकाम्या पोत्यांवर उताणा पडला होता, पाय गव्हाणीवर. शेजारी म्हैस रवंथ करत होती. मला बघून तो उठायला गेला, पण फुगा आत सारायचा होता, त्यामुळे त्याला लगेच उठता येईना. 

मी खाली बसलो. या वेळी जसं बसता आलं तसं बसलो. गव्हाणीला धरून, गुडघा टेकून, अगं आई करत. मग त्याला सगळं सांगितलं. लघवी तुंबलेली सांगितली, जांभळी सूज सांगितली, बधिर कातडं सांगितलं, मांडीतली आग आणि ती झाली की माझ्या मनात काय काय यायचं तेही सांगितलं. गोळीचं सांगितलं. वहिनीचं नाव घेतलं नाही, ते त्याला कळलंच असणार. दुखतंय अजून, म्हणालो, रोज थोडं कमी दुखतंय, आणि एखादा ठिपका बधिर राहीलही. पण फुगा नाही. मग मी पँटचा पट्टा सैल केला, त्याचा हात धरला आणि टाक्यावर ठेवला.

अण्णाचा हात रताळ्याच्या मातीनं खडबडीत झालेला. त्यानं बोटांनी वळी चाचपली, वरपासून खालपर्यंत. खोक म्हणाला. मी खोकलो. पुन्हा खोक म्हणाला. दोन म्हातारे होऊ घातलेले भाऊ गोठ्यात असे बसलेत, हे कुणी बघितलं असतं तर गावात वर्षभर पुरलं असतं.

"न्हाय येत," तो म्हणाला.

त्यानं हात काढून घेतला आणि म्हशीकडं बघितलं. मग जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटत होतं त्याला सुरीची भीती आहे, किंवा मरणाची.

"उद्या डॉक्टर म्हणाले, उचलू नकोस, तर मी काय करू रं? तू खडू उचलतोस. मी उचलायचं सोडलं तर मी कोण?"

माझ्याकडं तयार उत्तरं होती. शास्त्राचा मास्तर काहीही समजावून सांगू शकतो. पण एकदा फसवून बघितलं होतं. मी म्हणालो की मला माहीत नाही. काही आठवडे नाही उचलता येणार हे नक्की, पुढं पोती उचलता येतील का ते डॉक्टरच सांगतील, आणि ते जे सांगतील ते तूच स्वतःच्या कानानं ऐक. मी मध्ये बोलणार नाही. त्यानं मान हलवली. मग उभा राहिला, पाठ माझ्याकडं न करता, आणि लंगोट सोडला. वर्षानुवर्षं आवळून आवळून त्याच्या कमरेला आणि जांघेत काळा घट्टा पडला होता. त्याच्याखालून फुगा उतरला, माझ्या मुठीपेक्षा मोठा. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. तो मला रडू नको म्हणाला नाही.

तो वहिनीला घेऊन सर्जनकडं आला तेव्हा मी खरंच गप्प बसलो. त्यानं जाळीचा नमुना मागून घेतला, दोन बोटांत धरून कापड बघतात तशी चोळून बघितली, ताणून बघितली. उचलण्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले की आधी चालणं, मग हळूहळू हलकं काम, जड ओझं बऱ्याच उशिरा, आणि तेव्हाही पोत्याला दुसरा माणूस घ्यायचा, एकट्यानं पराक्रम करायचा नाही. अण्णाला हे फारसं आवडलं नाही. पण ते खोटं नव्हतं, आणि त्यानं हूं म्हटलं. रताळी संपू दे, म्हणाला. त्यावर मी आणि वहिनी एकदमच नाही म्हणालो.

ऑपरेशन झालं. माझ्यापेक्षा वेळ जास्त लागला, फुगा जुना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली. कन्नडमध्ये तिनं विचारलं की दुखतंय का, नोव ऐतेन्री. अण्णा लगेच म्हणाला, इल्ल. नाही. तिनं त्याला उठून चार पावलं चालायला सांगितलं आणि ती पलीकडच्या खाटेकडं वळली. वहिनी डबा धुवायला गेली होती. खोलीत मी होतो.

तो उठला. हात न टेकता. ताठ उभा राहिला, छाती पुढं काढली आणि खिडकीपर्यंत चालत गेला, तालमीत उतरायचा तसा. वळला. मी दाराजवळच्या खुर्चीत होतो आणि त्याच्याकडं त्याच्याच डोळ्यांनी बघत होतो. उजवा पाय टाकताना पाठ आखडत होती. ओठ मिटलेले होते. तो डाव्या अंगावर सगळा भार घेऊन उजवं अंग चोरत होता, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मान वर ठेवत होता.

"अण्णा," मी म्हणालो, "खोटं चालालास."

तो थांबला. मला वाटलं चिडेल. खिडकी आणि खाट यांच्या मधोमध, धरायला काही नसलेल्या जागी तो उभा होता. एवढ्या वर्षांत मी त्याला कुणाचा आधार घेताना बघितलं नव्हतं. जत्रेत मी लहान असताना त्याच्या खांद्यावर बसलो होतो, वडिलांना शेवटचं दवाखान्यात नेताना त्यानंच उचललं होतं.

"दुखतंय रं," तो म्हणाला. "लई दुखतंय. धर मला."

मी खुर्चीतून उठलो आणि त्याच्या बगलेत शिरलो. त्यानं हात माझ्या खांद्यावर टाकला आणि मग हळूहळू, थांबत थांबत, सगळा भार सोडला. ओझं उचलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी मला बजावलेलं होतं. ते मला खाटेपर्यंत पोचल्यावर आठवलं.